थेंब घातल्यावर

थेंब घातले की वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं,
असं मी सांगते. कोणी ऐकत नाही.
बाहुल्या मोठ्या होत जातात
आणि माणसं समोरच्या चित्राकडे बघत राहतात.
दुसरं आहे काय बघायला?
कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, पहिला मजला,
सात खुर्च्या, पाण्याचा जार, एक चित्र.

गेरूच्या रंगाची भिंत. तिच्यात निळं दार.
खाली उजवीकडे काळपट काहीतरी,
डॉक्टर त्याला सावली म्हणतात
आणि लादी पुसणाऱ्या सुगंधाबाई, ओल.

ज्ञानदेव शेलार, माथाडी वसाहत,
चाळीस वर्षं कांद्याची गोणी पाठीवर.
मान तिरकी करून म्हणाले,
"बाई, डाव्या अंगाला वजन जास्त झालंय ह्याचं.
उचलणारा कलंल."
मी म्हटलं, चित्र आहे ते.
"व्हय. पण उचललं असंलच की कुणीतरी."

दिवाळे गावच्या धर्मीबाईंनी त्या काळपटात ओहोटी पाहिली.
"पानी आत्ताच गेलंय," म्हणाल्या,
आणि पाय जरा वर घेऊन बसल्या.

आराध्ये सिडकोत नकाशे काढायचे.
हवेत फूटपट्टी धरल्यासारखी बोटं धरून
त्यांनी निकाल दिला: उंबरठा चुकलाय,
ह्या दारातून माणूस आत जाऊच शकत नाही.
मग उठून सरळ असलेली चौकट सरळ करतात.
ते गेले की मी पुन्हा सरळ करते.
दर सहा महिन्यांनी.

एक सहा वर्षांचा मुलगा म्हणाला, आतून कडी आहे.
तुला रे कसं कळलं?
"ढकलून बघितलं."

आणि ती मुलगी, आईला घेऊन येणारी,
दर वेळी खुर्ची फिरवून चित्राकडे पाठ करून बसते.
एकदा विचारणार होते.
मग तिचे खांदे बघितले, आणि नाव पुकारलं पुढच्याचं.

डॉक्टर एका पेशंटला बोलता बोलता किंमत सांगून बसले,
त्या आठवड्यात पाणी प्यायला उठणारे वाढले.
चित्रापाशी जाऊन ग्लास रिकामा होईपर्यंत उभे राहायचे.

मागच्या मे महिन्यात भिंतीला रंग द्यायचा म्हणून ते उतरवलं.
मागे एक फिकट चौकोन राहिला,
अकरा वर्षं ऊन न लागलेला.
लोक तिकडेच बघत बसले. मीसुद्धा.
आणि कोणीतरी विचारलं, दार उघडं होतं की बंद?

बंद, डॉक्टर म्हणाले.
शेलारांना दाराचं नक्की आठवत नव्हतं, वजनाचं आठवत होतं.
मी छातीठोक सांगितलं:
किंचित उघडं. फटीतून पिवळा उजेड.
पुरावा म्हणून लक्ष्मीपूजनाचा एक फोटो निघाला,
त्यात दाराच्या बरोबर पुढे माझं डोकं.

चित्र परत आलं. दार बंद.
मी मोबाईलची बॅटरी लावून जवळून पाहिलं,
पिवळ्याचा ठिपका नाही कुठे.

अकरा वर्षं रोज सकाळी ज्याची धूळ पुसली
त्यात हा उजेड मी कुठून आणून ठेवला?
सानपाड्याच्या आमच्या खोलीला निळं दार नव्हतं.
दोन वर्षं तर दारच नव्हतं, चादर टांगलेली.
मी अलीकडे झोपायची, पलीकडे आई
लोकांच्या साड्यांना फॉल लावत बसायची,
चादरीच्या कडेनं तिचा बल्ब माझ्या उशीवर यायचा,
बोटभर.
तो विझला की मी जागी व्हायची.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही.
डॉक्टरांना म्हटलं, तुमचं बरोबर, बंदच होतं.
ते म्हणाले, तुझेही डोळे तपासून घे एकदा.

काल आराध्ये येऊन गेले.
चौकट डावीकडे झुकली आहे.
राहू दे आज.